वळणात पाय काढू नये

चष्मेवाल्याची योजना अगदी बिनचूक होती. इतकी बिनचूक, की ती ठरल्यापासून त्याला नीट झोप लागली नव्हती.

योजना अशी. रविवारी सकाळी सासऱ्यांना गाडीत बसवायचं, टेकडीपलीकडच्या गॅरेजमधून त्यांची दुरुस्त झालेली गाडी आणायला न्यायचं, आणि वाटेत तलावाकाठच्या सरळ रस्त्यावर सांगून टाकायचं, की बाबा, आता गाडी चालवणं बंद करा. एवढंच. एका वाक्याचं काम.

"गाडीतच बोललेलं बरं," बायको म्हणाली होती. "दोघांची तोंडं समोर असतात, एकमेकांकडे बघावं लागत नाही."

"तूच का नाही सांगत?"

"मी मुलगी आहे. माझं ऐकायचं नाही हे त्यांनी मी पहिलीत असतानाच ठरवलंय."

बायको फिजिओथेरपिस्ट होती. गावातल्या निम्म्या लोकांच्या माना तिच्या हाताखालून गेल्या होत्या, पण घरची मान हाती लागत नव्हती. सासऱ्यांची मान वळायची बंद झाली होती. मागचं बघायचं तर ते कंबरेपासून अख्खे फिरत, कपाटाचं दार उघडावं तसे. तिने शिकवलेले व्यायाम ते "उद्यापासून" करत. गेल्या महिन्यात त्यांनी गाडी मागे घेताना फाटकाचा खांब पाडला आणि वर विचारलं, "हा इथे कधी आला?" खांब घर बांधल्यापासून तिथेच होता.

चष्मेवाल्याने आधी आपल्या परीने सोपा मार्ग शोधून पाहिला होता. त्यांना दुकानात बोलावून डोळे तपासले. नजर अधू निघाली असती तर प्रश्न आपोआप मिटला असता. सासऱ्यांनी तक्त्यावरची शेवटची बारीक ओळ वाचली आणि तिच्याखालचं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं.

आता ही गोष्ट इतकी अवघड का, ते सांगायला हवं. सासरे निवृत्त होण्यापूर्वी वाहन परवान्याच्या परीक्षा घ्यायचे. गावात अजूनही ते रस्त्याने चालत गेले की गाडीतली माणसं पाठ ताठ करून दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरतात. परीक्षेत ते शेजारी बसत आणि मध्येच, काही न सांगता, डॅशबोर्डवर फाडकन पंजा मारत. पंजा पडला की गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे. चष्मेवाला त्यांच्याकडे परीक्षेला बसला होता, तेव्हा लग्नाचा विषयही नव्हता. गोल चौकात शिरायला योग्य संधी मिळेना म्हणून तो इतका वेळ वाट बघत उभा राहिला, की साहेबांनी शेवटी दार उघडलं आणि ते चालत कचेरीत परत गेले. पुढे हाच मुलगा जावई म्हणून समोर आला तेव्हा सासरे त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चौकातून निघालात तर शेवटी." परीक्षार्थींना "तुम्ही" म्हणायची सवय त्यांनी जावयालाही लागू केली होती.

तर त्या रविवारी बायकोला घरोघरी रुग्ण बघायला जायचं होतं, म्हणून घरची गाडी ती घेऊन गेली. उरली मेहुण्याची गाडी. मेहुणा जहाजावर इंजिनिअर. तो समुद्रावर गेला की त्याची छोटीशी लाल गाडी ताईच्या दारात राही, आणि तिला हात लावायची चष्मेवाल्याची कधी हिंमत झाली नव्हती. त्याने आदल्या दिवशी फोन करून परवानगी मागितली.

"न्या की, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "फक्त एक लक्षात ठेवा. गाडी छोटी आहे पण तिखट आहे. जोरात वळणात असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन काढायचा नाही."

"काढला तर?"

"वजन सगळं पुढे जातं. मागची चाकं हलकी पडतात, त्यांची पकड सुटते, आणि गाडीची मागची बाजू बाहेर पळते. लिफ्ट-ऑफ ओव्हरस्टीअर म्हणतात त्याला."

"मग ब्रेक मारायचा?"

"अजिबात नाही. ब्रेकने आणखी गरगर फिरेल. मागची बाजू जिकडे पळते तिकडेच स्टीअरिंग वळवायचं, नजर आपल्याला जायचंय तिकडे ठेवायची, आणि पाय हळूच परत टेकवायचा. पण भाऊजी, खरी मजा यातच आहे. वळणात पाय अगदी चिमूटभर उचलला ना, की गाडीचं नाक आपसूक आत वळतं. स्टीअरिंग न हलवता. गाडी आपल्याशी बोलते."

चष्मेवाल्याला बोलणारी गाडी नको होती. घरात बोलणारी माणसं पुरेशी होती.

"आणि पाय काढलाच नाही तर?"

"तर काहीच होत नाही."

"मग नाही काढत," चष्मेवाला म्हणाला, आणि त्या सगळ्या बोलण्यातलं तेवढंच एक वाक्य त्याने मनात घट्ट धरून ठेवलं. रात्री जेवताना टेबलाखाली त्याचा उजवा पाय चपलेवर दाबून धरलेला होता. बायकोने विचारलं, "पोटरीत गोळा आला का?" तो म्हणाला, "सराव."

सकाळी सासरे तयार होऊन फाटकाशी उभे होते, खांबाच्या रिकाम्या जागेत. त्यांनी लाल गाडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आत बसले, पट्टा लावला आणि दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवले. त्या पंजांकडे न बघण्याचा चष्मेवाल्याने निश्चय केला.

तलावाकाठचा सरळ रस्ता आला. पाणी शांत होतं, वर्दळ नव्हती, बोलायला याहून चांगली जागा नव्हती. चष्मेवाल्याने घसा खाकरला. सासरे म्हणाले, "सर्दी?" तो "नाही" म्हणाला आणि सरळ रस्ता संपला.

चढ सुरू झाला. आता मात्र बोलणं भाग होतं, कारण टेकडीच्या पलीकडे गॅरेज, आणि गॅरेजात चावी सासऱ्यांच्या हातात पडणार. त्यातच सासरे म्हणाले, "मागे रांग लागलीय तुमच्या. विनाकारण हळू चालवून मागच्यांना अडवणं हाही दोषच असतो."

चष्मेवाल्याने आरशात पाहिलं. खरंच रांग होती. त्याने पाय थोडा दाबला. छोटी गाडी आनंदाने उसळली. पहिलं वळण आलं आणि त्याला आठवलं, पाय काढायचा नाही. त्याने काढला नाही. दुसरं वळण आलं, तिथेही काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो कुठल्याही वळणावर हळू न होता चालला होता, आणि तेही निव्वळ भीतीने. मागची रांग मागेच राहिली.

"बाबा," तो रस्त्यावर डोळे रोखून म्हणाला, "एक बोलायचं होतं."

"बोला. पण आरसा बघत बोला."

"काही गोष्टी इतकी वर्षं आपल्यासोबत असतात, की त्यांच्याशिवाय आपलं कसं होईल असं वाटतं. पण एक दिवस त्या सोडाव्या लागतात."

सासरे म्हणाले, "कशाबद्दल बोलताय?"

"तिच्याबद्दल." चष्मेवाल्याच्या डोळ्यांपुढे गॅरेजात उभी असलेली त्यांची जुनी राखाडी गाडी होती. "तिच्यावर तुमचा किती जीव आहे ते मला ठाऊक आहे. तुम्ही तिला फुलासारखी जपलीत."

"जपली," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता, पण चष्मेवाल्याचं सगळं लक्ष उजव्या पायात होतं.

"पण तिचंही आता वय झालं, बाबा. सकाळी लवकर सुरू होत नाही. थंडीत तर नुसती कुरकुरते. चढ आला की धापा टाकते."

"मग?" सासरे खोल आवाजात म्हणाले.

"मग आम्ही असा विचार केला, की आता सोडून दिलेलीच बरी. आपल्या दोघांच्याही डोक्याला ताप नको. माझ्या दुकानावर एक गृहस्थ येतात, चांगले आहेत, ते न्यायला तयार आहेत."

तेवढ्यात टेकडीवरचं सगळ्यात मोठं वळण आलं. लांबलचक, उजवीकडचं, मध्येच आवळत जाणारं, आणि कडेला रात्रीच्या वाऱ्याने झाडून आणलेला ओला पाला. चष्मेवाल्याने पाय घट्ट धरला. गाडी वळणात शिरली. आणि सासऱ्यांचा पंजा डॅशबोर्डवर फाडकन पडला.

वर्षानुवर्षांचं भय माणसाच्या डोक्यात नसतं, घोट्यात असतं. चष्मेवाल्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून असा उडाला जणू खाली निखारा होता.

आधी क्षणभर काहीच झालं नाही. मग कुणीतरी मागून सतरंजी ओढावी तशी गाडीची मागची बाजू निसटली. मेहुण्याने सांगितलेलं सगळं त्याला एकदम आठवलं, पण उलट्या क्रमाने. समोरच्या काचेतून आधी दरड गेली, मग ते आले होते तो रस्ता गेला, मग तलाव खाली लांब चमकताना दिसला आणि तोही गेला. जन्मभर लोकांना "डोळे मोठे उघडा" सांगत आलेल्या त्या माणसाने स्वतःचे घट्ट मिटून घेतले. टायर किंचाळले, पाला उडाला, गाडी एकदा मागे डुलली, एकदा पुढे डुलली आणि थांबली.

चष्मेवाल्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. गाडी रस्त्याबाहेर, टेकडीवरून तलाव बघायला केलेल्या सपाट जागेत उभी होती. मागचा बंपर दगडी कठड्यापासून वीतभर अंतरावर होता आणि दोन्ही बाजूंना दोन पांढऱ्या रेघा होत्या, अगदी बरोबर. समोर पाटी होती, "गाड्या उलट्या लावाव्यात."

कडेला कॉफी विकणारी एक व्हॅन होती. आतली बाई किटली हातात धरून ते बघत होती. "सहसा लोक पाटी वाचतच नाहीत," ती म्हणाली.

इंजिन बंद पडलं होतं आणि त्याचा टिकटिक आवाज येत होता. सासरे अख्खे कंबरेतून जावयाकडे वळले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"माझ्या मुलीचं काय चुकलं?" ते म्हणाले.

"कुणाचं?"

"ती सकाळी कुरकुरते, हे मान्य. लहानपणापासून कुरकुरते. पण म्हणून तुम्ही तिला दुसऱ्या गृहस्थाला देणार?"

चष्मेवाल्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याच्या अंगावर गाडी फिरताना आला नव्हता एवढा काटा आला. "मुलीला नाही हो, बाबा! गाडीला. तुमच्या राखाडी गाडीला. तुमच्या मुलीला मी कशाला सोडेन? मला घरातले दिवे कुठून बंद करतात तेसुद्धा माहीत नाही."

सासऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, खिडकीची काच खाली केली आणि थोडा वेळ हवा घेत बसले. मग त्यांचा चेहरा हळूहळू पुन्हा बदलला. चष्मेवाल्याला ते कडेने दिसत होतं आणि कुठेतरी पळून जावंसं वाटत होतं.

"म्हणजे," सासरे म्हणाले, "मी चालवणं सोडावं असं तुम्हा दोघांचं म्हणणं आहे."

यावर त्याने नुसती मान हलवली. जी गोष्ट सांगायला रात्रीच्या रात्री जागून काढल्या, ती अशी, गोल फिरून, गैरसमजाच्या पाठीवर बसून पोहोचली होती.

सासरे उतरले. त्यांनी व्हॅनमधून दोन कॉफ्या घेतल्या, एक जावयाच्या हातात दिली आणि कठड्याला टेकून तलावाकडे बघत उभे राहिले. कप त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. चष्मेवाल्याला एकदम त्यांचं वय दिसलं. आतापर्यंत त्याला फक्त त्यांचा पंजा दिसायचा.

"मान वळत नाही हे मला काय माहीत नाही?" ते म्हणाले. "असा उमेदवार माझ्यासमोर आला असता तर मी त्याला फाटकातूनच परत पाठवला असता. पण स्वतःचा निकाल स्वतः लावणं अवघड असतं, जावईबापू."

"बाबा, मी—"

"थांबा. बोलू द्या. मी नोकरीभर दुसऱ्यांच्या शेजारी बसलो. सगळे घाबरलेले. मीही घाबरलेला, पण ते दाखवायचं नसे. स्वतः चालवली तेव्हाही अशीच, कुणीतरी शेजारी बसून बघतंय अशी." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "गाडीची मजा काय असते, ते मला आज कळलं. ती मागची बाजू सुटली ना, तेव्हा पोटात जे झालं, ते काय होतं?"

"लिफ्ट-ऑफ ओव्हरस्टीअर," चष्मेवाला खालच्या आवाजात म्हणाला.

"समजावून सांगा."

त्याने समजावलं. काय करणार, तेवढंच त्याला पाठ होतं. कॉफीचा कप तळहातावर ठेवून हात पुढे नेला आणि एकदम थांबवला. कॉफी पुढच्या कडेला चढली, मागे तळ उघडा पडला. "वजन असं पुढे येतं. मागच्या चाकांवर काही उरत नाही. म्हणून ती घसरतात." सासऱ्यांनी स्वतःच्या कपाने तसंच करून पाहिलं आणि कॉफी बुटांवर सांडली. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

"आणि सावरायची कशी?"

"मागची बाजू जाते तिकडे स्टीअरिंग. ब्रेक नाही. नजर जायचंय तिकडे."

सासऱ्यांनी कप कचऱ्याच्या डब्यात टाकला. "टेकडीच्या खाली आमचं जुनं परीक्षेचं मैदान आहे. आता तिथे कोणी येत नाही, नुसती खडी आहे. रस्त्यावर आजपासून मी चालवत नाही. शब्द दिला. पण मैदान म्हणजे रस्ता नव्हे."

चष्मेवाल्याला नाही म्हणायचं होतं. त्याने तोंडही उघडलं. पण समोरचा माणूस त्याच्याकडे अशा नजरेने बघत होता, की नाही म्हटलं तर आपण त्याची दुसऱ्यांदा गाडी काढून घेतोय असं वाटलं असतं. शिवाय, त्याने स्वतःची समजूत घातली, रिकाम्या मैदानात काय होणार?

मैदान खरंच रिकामं होतं. सासरे उजव्या बाजूला बसले, चष्मेवाला डावीकडे. त्याने दाराची मूठ धरली, मग सीटची कड, मग दोन्ही.

पहिल्या फेरीत काही झालं नाही. सासऱ्यांनी पाय काढला, पण नोकरीभराच्या शिस्तीत, सावकाश. गाडी नुसतीच मंदावली. "तुम्ही झटकन काढायला हवा," जावई म्हणाला, आणि आपण हे का बोललो ते त्याला कळलं नाही. दुसऱ्या फेरीत गाडी सुटली आणि गरगरत धुळीच्या ढगात अडकली. "नजर," धुळीतून जावयाचा आवाज आला. "नजर जायचंय तिकडे, बाबा. उजवीकडे. खिडकीतून."

"मान वळत नाही हो तिकडे."

"मग हे जमणारच नाही."

हे वाक्य फार महागात पडलं. तिसऱ्या फेरीत सासऱ्यांनी वेग घेतला, स्टीअरिंग उजवीकडे धरलं, पाय झटकन उचलला, आणि मागची बाजू सुटली त्याच क्षणी मान उजवीकडे वळवली. काडकन आवाज झाला. चष्मेवाल्याला वाटलं, गाडीचं काहीतरी तुटलं. पण गाडी तुटली नव्हती. ती आडवी घसरत, नाक आत आणि शेपूट बाहेर अशी, लोण्यातून सुरी जावी तशी अर्धं मैदान फिरली आणि सरळ झाली. सासऱ्यांनी पाय हळूच टेकवला होता, ब्रेक मारला नव्हता, सगळं अगदी बरोबर केलं होतं. ते हसत होते. त्यांना मोठ्याने हसताना चष्मेवाल्याने कधी पाहिलंच नव्हतं, आणि हसू किती तरुण असतं ते त्याला त्या वेळी दिसलं.

"बाबा, कमाल केलीत," तो म्हणाला. क्षणभर तो भ्यायचंही विसरला. "बघा इकडे."

सासरे बघेनात. ते उजव्या खिडकीतून बाहेरच बघत होते.

"बाबा?"

"एक अडचण आहे," सासरे खिडकीला म्हणाले. "मान परत येत नाही."

परतीच्या वाटेवर चष्मेवाल्याने गाडी चालवली. सासरे डावीकडे बसले. मान उजवीकडे अडकलेली, म्हणजे चेहरा थेट चालकाकडे. टेकडीचा अख्खा रस्ता, एकेक वळण, ते त्याच्याकडे एकटक बघत होते. त्यांचा इलाज नव्हता. पापण्या लवत, बस. गॅरेजकडे जायचं दोघांनाही आठवलं नाही. बायकोने सांगितलं होतं, गाडीत एकमेकांकडे बघावं लागत नाही.

"आरसा," सासरे मध्येच म्हणाले.

"बघतोय, बाबा."

"मला माहीत आहे. मी तुमच्याकडेच बघतोय."

घरी बायकोने वडिलांना खुर्चीत बसवलं, मान शेकली आणि बोटांनी चाचपली. संध्याकाळी मान अर्धी सुटली. सासरे चहा घेताना आपणहून म्हणाले, "माझी गाडी त्या गृहस्थांना देऊन टाका. मी रस्त्यावर चालवणं बंद केलंय. आणि ते मानेचे व्यायाम लिहून दे मला. दोन्ही बाजूंचे. आजपासूनच करीन."

बायको थक्क झाली. ती स्वयंपाकघरात आली आणि नवऱ्याकडे अशी बघू लागली, जसं लग्नानंतर फारसं बघितलं नव्हतं. "कसं पटवलंस रे? आणि व्यायामसुद्धा?"

इथे खरं सांगायला हरकत नव्हती. पण कौतुक माणसाला क्वचित मिळतं, आणि चष्मेवाल्याला तर फारच क्वचित. "काही नाही," तो म्हणाला. "नीट समजावलं. वयस्कर माणसांशी शांतपणे बोलावं लागतं."

"आणि मान?"

"मागे वळून बघत होते. तलाव छान दिसत होता."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. जहाजावरून मेहुणा होता. तिच्या हाताला तेल होतं म्हणून तिने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"ताई, बाबांचा निरोप आला होता. दर रविवारी मैदानासाठी माझी लाल गाडी हवी म्हणतात. माझी ना नाही. फक्त त्यांच्या डोक्याचा घेर मोजून पाठव, इथल्या बंदरात हेल्मेट चांगली मिळतात. आणि भाऊजींना सांग, त्यांचंही एक घेतोय. बाबा म्हणाले, शिकवायला भाऊजीच शेजारी बसणार आहेत."

बायकोने हळूहळू मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तिची मान उत्तम वळत होती.

भांडी घासायची पाळी त्या दिवशी त्याची नव्हती. तरी चष्मेवाला उठला, बाह्या वर केल्या आणि कढई घासायला घेतली.